रात्रीपुरती जागा

(महिला गटांच्या विभागीय बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

या बैठकीसाठी मी विषय कळवला तेव्हा फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. विषय होता, "मोटरहोम आणि कॅम्परव्हॅनवाल्यांचं संघटन". मग ताई हळूच म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे बाईला राहतं घर मिळवून देताना नाकी नऊ येतात. हे तर चाकांवरच्या बंगल्यांचं झालं!" ताईंचं चुकलं असं मला वाटत नाही. निम्म्या गोष्टीपुरतं त्यांचं बरोबर आहे. उरलेली निम्मी गोष्ट सांगण्यासाठी मी इथं उभी आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहे. ती लपवली तर या भाषणाला काही अर्थ उरणार नाही.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढले. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, माळावर कोप्या उभ्या राहायच्या. आई बजावायची, "तिकडं जाऊ नकोस, ती बिऱ्हाडं आहेत." 'बिऱ्हाड' हा शब्द ती ज्या स्वरात उच्चारायची तो माझ्या कानात अजून आहे. १९८१ साली लग्न होऊन मी इंग्लंडला गेले. तीस वर्षं एका इस्पितळात काम केलं. मुलं मोठी झाली, नवरा वारला, घर भाड्याचं होतं ते परवडेना म्हणून एका खोलीत आले. त्याच सुमारास माझ्या कामावरच्या एका मैत्रिणीनं तिची जुनी गाडी विकायला काढली. साठवलेले पैसे घालून मी ती घेतली.

गाडी म्हणजे काय, ते आधी नीट सांगते. पूर्वी सामान वाहणारी, टेम्पोसारखी बंद गाडी. आत एक पलंग, दिवसा त्याचाच बाक होतो. दोन चुलींची गॅसची शेगडी, पाण्याचा कॅन, आणि पलंगाखाली सरकवलेला पेटीचा संडास. अशा लहान गाडीला कॅम्परव्हॅन म्हणतात. आत ताठ उभं राहता येतं, न्हाणीघर असतं, अशा मोठ्या गाडीला मोटरहोम. काहींच्या मोटरहोम खरोखरच बंगल्याच्या किमतीच्या असतात. माझी तशी नाही. पण त्या गाडीला एक दार आहे, त्याला आतून कडी आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. साठीला आलेल्या बाईच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडलं, एवढंच सांगते. त्याचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको.

शनिवार-रविवार मी एकटी निघायचे. समुद्राच्या कडेला गाडी लावायची, चहा करायचा, झोपायचं. पहिल्या रात्री भीतीनं डोळा लागला नाही. पाचव्या-सहाव्या वेळी गाढ झोपले. इथं कुणी तरी विचारेलच, "एकटी बाई, रात्री, बाहेर?" मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ साली 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता. बाईला घरात कोंडून सुरक्षितता येत नाही. विनाकारण, निवांत, बाहेर असण्याचा हक्क तिला मिळाला पाहिजे. मला तो मुद्दा पुस्तकापेक्षा गाडीत जास्त समजला.

आता कायद्याचं बघू. मालकाला न विचारता, पैसे न मोजता मोकळ्यावर मुक्काम करणं याला तिकडे 'वाइल्ड कॅम्पिंग' म्हणतात. आपल्याला वाटतं, पुढारलेला देश, रान मोकळं असेल. तसं नाही. इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक इंच जमिनीला मालक आहे. साधं डोंगरावर चालायला मिळावं म्हणून १९३२ साली किंडर स्काउट या पठारावर कामगार तरुण-तरुणींनी ठरवून घुसखोरी केली, त्यात पाच जणांना तुरुंगवास झाला. सरकारनं ठरवून दिलेल्या मोकळ्या जमिनींवर चालण्याचा हक्क कायद्यात आला तो २००० साली. मुक्कामाचा हक्क त्यातही नाही. अपवाद डार्टमूरच्या माळाचा. तिथं १९८५ च्या कायद्यानं लोकांना पायी आणि घोड्यावरून 'मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी' जाण्याचा हक्क आहे. रात्रीचा तंबू हा विरंगुळा धरायचा की नाही यावर एक बडा जमीनदार आणि त्याची पत्नी न्यायालयात गेले. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, तंबूचा हक्क नाही. आठवड्याभरात हजारो माणसं माळावर चालत गेली. जुलैमध्ये अपिलात निकाल उलटला, आणि २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं लोकांच्या बाजूनं कौल दिला. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीनं वावरण्याचा आणि तंबू लावण्याचा हक्क दिला आहे.

पण दोन्हीकडे एक गोष्ट लक्षात घ्या. हा हक्क पायी जाणाऱ्याचा आहे. मोटारगाडीचा नाही. ज्या बाईचे गुडघे गेलेत, जिला पाठीवर तंबू नेता येत नाही, जिच्याबरोबर दोन लहान मुलं आहेत, तिला त्याचा उपयोग फारसा नाही. गाडीवाल्यांमध्ये एक समज पसरलेला असतो, की रस्त्यापासून पंधरा यार्डांपर्यंत गाडी नेऊन मुक्काम करायला कायद्यानं मुभा आहे. ती अफवाच म्हणायची. १९८८ च्या वाहतूक कायद्यात इतकंच आहे, की गाडी उभी करण्यापुरतं तेवढं अंतर रस्त्याबाहेर नेलं तर तो त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. उभं राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. म्हणजे आमचा मुक्काम कशावर चालतो? दुर्लक्षावर. रस्त्याकडेला गाडीत झोपणं गुन्हा ठरवणारा देशभराचा कायदा नाही, म्हणून कुणी उठवत नाही, म्हणून आम्ही झोपतो. आणि मैत्रिणींनो, दुर्लक्षावर मिळालेली जागा कोणत्याही सकाळी जाते. हे आपल्या फेरीवाल्या बायकांना विचारा.

ती जाते कशी तेही पाहण्यासारखं आहे. मोठा कायदा येत नाही, आरडाओरडा होत नाही. किनाऱ्यावरच्या वाहनतळाच्या तोंडाशी एक आडवी लोखंडी कांब बसते, माणसाच्या डोक्याहून थोडी उंच. लहान मोटार खालून जाते, आमची गाडी जात नाही. किंवा एक पाटी लागते: 'रात्री थांबू नये'. त्याआधी विजेच्या खांबाला एक कागद बांधलेला असतो. त्यावर बारीक टायपात लिहिलेलं असतं, की वाहतुकीचा असा असा आदेश काढण्याचा विचार आहे, हरकती एकवीस दिवसांत द्याव्यात. दुसरा एक मार्ग २०१४ च्या कायद्यातून निघाला आहे. सार्वजनिक जागेत 'उपद्रव' होतो म्हणून स्थानिक प्रशासन तीन वर्षांपर्यंतचा मनाई आदेश काढू शकतं आणि तो पुन्हा वाढवू शकतं. त्याआधी लोकांचं म्हणणं मागवावं लागतं, आणि आदेशाला आव्हान द्यायचं तर सहा आठवड्यांत उच्च न्यायालयात जावं लागतं. पण जो माणूस आज इथं आणि उद्या तिथं, तो खांबावरचा कागद वाचणार कधी? आपल्याकडे ग्रामसभेची दवंडी पिटतात तेव्हा बाया पाण्याला गेलेल्या असतात, तसंच हे.

मी नेहमी जायचे त्या किनाऱ्यावरच्या लहान गावी असाच कागद लागला. माझ्या नजरेला पडला, कारण त्याच खांबाखाली मी चप्पल झटकत होते. मी फोटो काढला. आसपासच्या चार गाड्यांची दारं ठोठावली. तिथून आमचं संघटन सुरू झालं.

गाडीवाल्यांना एकत्र आणणं किती अवघड! गिरणीला फाटक असतं, वस्तीला नळ असतो, तिथं माणसं भेटतात. आमचं सगळ्यांचं ब्रीदच 'एकटं असू द्या'. त्यात तीन थर. पहिला थर मोठ्या मोटरहोमवाल्यांचा. त्यांना पेन्शन आहे, गावात घर आहे. दुसरा थर माझ्यासारख्यांचा, जुनी गाडी आणि शनिवार-रविवार. तिसरा थर गाडीत राहणाऱ्यांचा. ब्रिस्टलसारख्या शहरात शेकडो माणसं भाडं परवडत नाही म्हणून गाड्यांत राहतात. त्यांत नोकरी करणाऱ्या बायका आहेत, आया आहेत. तिन्ही थर एकाच वाहनतळावर रात्री शेजारी झोपतात. सकाळी एकमेकांकडे बघत नाहीत.

आम्ही पहिल्या बैठकीला चौदा जण होतो. हरकतीचं पत्र लिहायचं ठरलं. इंग्रजी नेटकं लिहिते म्हणून मसुदा माझ्याकडे आला. आता ती चूक सांगते. त्या पत्रात मी एक परिच्छेद लिहिला. त्याचा मराठीत मतलब असा: "आम्ही कर भरणारे, कायमचा पत्ता असलेले जबाबदार नागरिक आहोत. गाडीतच मुक्काम ठोकून बसणाऱ्या लोकांशी आमची गल्लत करू नये." मला वाटलं, किती मुद्देसूद लिहिलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सही केली. आणि मी जिंकले.

कांब बसली नाही. त्याऐवजी वाहनतळाच्या एका बाजूला सात जागा आखून दिल्या. रात्रीचं माफक भाडं, सलग दोनच रात्री. आणि एक अट: परवाना घेताना कायमच्या पत्त्याचा पुरावा दाखवावा. ही अट माझ्याच वाक्यातून आली होती.

तिथं एक निळी गाडी असायची. त्यातली बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, भरवायची. असलं काम. ते मी ओळखते, मी तेच केलंय. एका संध्याकाळी चहा पिताना तिनं सांगितलं होतं, नवरा मारायचा. ती एका रात्री निघाली ती गाडी घेऊनच. आसरागृहात जागा नव्हती. "या गाडीला पत्ता नाही, म्हणून त्याला मी सापडत नाही," असं म्हणून ती हसली होती. त्या पत्ता नसण्यातच तिची सुरक्षितता होती. आणि मी सरकारला लिहून दिलं होतं, की पत्ता नसलेल्यांना इथं ठेवू नका.

नवे पट्टे मारले त्या आठवड्यात ती सामान आवरत होती. मी म्हटलं, "मी काही तरी करते, थांब." ती म्हणाली, "तू केलंस ते वाचलं मी. पत्र सूचनाफलकावर लावलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती गेली. कुठं गेली, मला आजही माहीत नाही.

त्या रात्री मला आईचा स्वर आठवला. "ती बिऱ्हाडं आहेत."

मग मी वाचायला लागले. गाडीत राहणाऱ्यांवर कायदा कधीपासून उठला आहे? इंग्लंडमध्ये जिप्सींना देशाबाहेर काढायचा कायदा १५३० सालचा. १५५४ च्या कायद्यानं तर नुसतं देशात राहिल्याबद्दल मरणाची शिक्षा ठेवली. पुढं १८२४ च्या भटकंतीविरोधी कायद्यानं उघड्यावर झोपणं हाच गुन्हा केला. १९६० च्या कायद्यानं स्थानिक प्रशासनाला गायरानांवर, म्हणजे तिकडच्या 'कॉमन' जमिनींवर, बिऱ्हाडाच्या गाड्यांना बंदी घालण्याचा अधिकार दिला. पिढ्यान्‌पिढ्यांचे मुक्काम बंद झाले. मग १९६८ साली कायदा झाला, की प्रशासनानं जिप्सींसाठी जागा द्यावी. कशाबशा काही जागा झाल्या. १९८५ च्या १ जूनला स्टोनहेंजकडे निघालेल्या भटक्यांच्या ताफ्याला पोलिसांनी एका शेतात गाठलं. गाड्यांच्या काचा फोडल्या, बायका-मुलांसह पाचशेहून अधिक माणसं पकडली. आणि १९९४ च्या कायद्यानं जागा देण्याची सक्तीच काढून टाकली. म्हणजे आधी रान बंद, मग बदल्यात दिलेली जागाही बंद.

शेवटची कडी २०२२ ची. त्या वर्षीच्या पोलीसविषयक कायद्यानं, परवानगीशिवाय गाडीसह जमिनीवर मुक्काम करणं आणि सांगूनही न हलणं, त्यातून मोठं नुकसान किंवा त्रास झाला किंवा 'होण्याचा संभव' असला, तर तो फौजदारी गुन्हा केला. तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड, आणि गाडी जप्त. ज्याचं घरच गाडी आहे त्याचं घर जप्त! पूर्वी हुसकावलेल्याला तीन महिने परत यायची बंदी होती, ती बारा महिने केली. वेंडी स्मिथ या रोमानी जिप्सी बाई याविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या. मे २०२४ मध्ये न्यायालयानं जाहीर केलं, की थांबायला अधिकृत जागाच पुरेशा नसताना ही वाढीव बंदी म्हणजे जिप्सींविरुद्धचा भेदभाव आहे आणि ती मानवी हक्कांशी विसंगत आहे. एका बाईनं हे केलं. तिची गाडी आणि माझी गाडी यांत फरक कशाचा? माझ्या गाडीला लोक 'छंद' म्हणतात, तिच्या गाडीला 'अतिक्रमण'.

आणि आम्ही सुट्टीवाले स्वतःला सुरक्षित समजतो तेही फसवं आहे. १९९४ च्या कायद्यात मुक्काम हलवण्याचा अधिकार पोलिसांना दिला आहे, त्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की दुसरीकडे घर असलं तरी माणूस इथं 'राहण्याच्या हेतूनं' आला असं धरता येईल. म्हणजे 'आमचं घर आहे' ही आमची ढाल कायद्यानं आधीच मोडून ठेवली आहे. शेजारणीला पुढं ढकलून आपण वाचत नाही. आपली पाळी थोडी उशिरा येते, इतकंच.

या माणसांचा आपल्याशी संबंध काय, असं विचाराल तर एक शब्द सांगते. इंग्लंडमधले जिप्सी आपापसात पाण्याला 'पानी' म्हणतात. नाकाला 'नक', डोळ्याला 'यक'. त्यांची भाषा मूळ हिंदुस्थानातून गेलेली आहे. आणि इकडे त्यांच्या भाईबंदांचं आपण काय केलं? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी इथल्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागल्या दारानं आले. लक्ष्मण माने यांचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' आपण वाचलंय. गावाबाहेर पाल ठोकलं की पोलीस पाटलाकडे वर्दी द्यायची आणि चोरी झाली की पहिली झडती पालात घ्यायची, हे आपल्याला परदेशातून शिकायचं नाही. झडती पालात घेतात तेव्हा पालात कोण असतं? बाई असते.

आता एक आनंदाची गोष्ट. जमिनीवर मुक्काम ठोकून लढणाऱ्या बायका तिथं होऊन गेल्या आहेत. मी इंग्लंडला पोचले त्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९८१ ला, कार्डिफहून चालत निघालेल्या छत्तीस बायका आणि त्यांचे मोजके सोबती ग्रीनहॅम कॉमनच्या लष्करी तळाशी पोचले. तिथं अमेरिकेची अण्वस्त्रं येणार होती. बायकांनी तिथंच मुक्काम ठोकला. पुढच्या वर्षी १२ डिसेंबरला तीस हजार बायकांनी हात धरून तळाच्या कुंपणाला वेढा घातला. मी ते टीव्हीवर पाहिलं. नवरा म्हणाला, "घर सोडून चिखलात बसल्यात." मी पोळ्या लाटत होते. काही बोलले नाही.

त्यांची बिऱ्हाडं पुन:पुन्हा उठवली. तंबू नेले तर त्यांनी फांद्या वाकवून त्यावर प्लॅस्टिक टाकून पालं केली. हो, पालंच! त्यांतल्या काहींनी मतदार यादीत नाव घालायचं ठरवलं, पत्ता: ही छावणी. हरकत आली, की जिथं बेकायदा राहता तो पत्ता कसला? १९८५ साली अपील न्यायालयानं बायकांचं म्हणणं मान्य केलं. तिथं राहतात, म्हणजे तिथं राहतात, नाव घाला. दुसरी लढाई नियमांची. तळात शिरायला बंदी करणारे नियम सरकारनं १९८५ मध्ये केले. जीन हचिन्सन आणि जॉर्जिना स्मिथ या दोघींनी ते मोडले आणि खटला वरपर्यंत नेला. ती जमीन मुळात गायरान. गावकऱ्यांचा गुरं चारण्याचा हक्क होता, तो या नियमांनी हिरावला होता आणि ज्या कायद्याखाली नियम केले त्यात तशी मुभाच नव्हती. १९९० साली देशातल्या सर्वोच्च न्यायपीठानं ते नियम बेकायदा ठरवले. क्षेपणास्त्रं १९९१ पर्यंत गेली, छावणी २००० पर्यंत राहिली, आणि त्याच वर्षी कुंपण काढून माळ लोकांना परत मिळाला. आज तिथं गुरं चरतात, माणसं फिरतात.

यातून मी काय शिकले? त्या बायका कुणालाही म्हणाल्या नाहीत, की 'आम्ही पत्त्यावाल्या आहोत, आम्हाला राहू द्या'. त्या म्हणाल्या, 'हाच आमचा पत्ता'. आणि स्वतःचा हक्क सांगताना त्यांनी दुसऱ्यांच्या, गुरं चारणाऱ्यांच्या, जुन्या हक्काचा आधार घेतला. एकाचा हक्क दुसऱ्याच्या हक्काला टेकून उभा राहिला. मी नेमकं उलट केलं होतं.

पुढच्या बैठकीत मी उठून हे सांगितलं. आणि ठराव मांडला, की पत्त्याची अट काढा असं पत्र आपणच द्यायचं. फार वाद झाला. "सात जागा मिळाल्या आहेत त्या घालवणार का?" "ती माणसं घाण करतात." एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही भावनेच्या भरात बोलताय." बाई बोलली की भावना, पुरुष बोलला की मुद्दा, हे तिकडेही आहे. चौदातले पाच जण संघटना सोडून गेले. उरलेल्यांनी पत्र दिलं. आठ महिने पाठपुरावा केला. शेवटी पत्त्याची अट निघाली, नुसता गाडीचा नंबर नोंदवायचा असं ठरलं. निळी गाडी मात्र परत आली नाही.

आमच्या गटाचे आता काही साधे नियम आहेत. तुमच्याही कामाला येतील म्हणून सांगते.

पहिला: कागद वाचणारी माणसं नेमायची. प्रत्येक किनाऱ्याला एक जण, महिन्यातून एकदा खांबावरची सूचना पाहायची. एकवीस दिवस म्हणजे एकवीसच दिवस.

दुसरा: 'बंदी नको' एवढंच मागायचं नाही. सोयी मागायच्या. पाण्याचा नळ, संडासाची पेटी रिकामी करायची जागा, कचऱ्याची पेटी. फ्रान्समध्ये गावोगावच्या नगरपालिकांनी अशा हजारो जागा केल्या आहेत, त्यांना 'एर' म्हणतात. कुठं फुकट, कुठं थोडं भाडं. ब्रिटनमध्येही तशा जागा व्हाव्यात म्हणून मोहीम चालली आहे. लोक घाण करतात म्हणून हाकलायचं आणि घाण टाकायला जागा द्यायची नाही, हा कुठला न्याय? मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'च्या कार्यकर्त्या मुताऱ्यांसाठी हेच तर सांगत आल्या आहेत.

तिसरा: आपली बाजू स्वच्छ ठेवायची. निघताना आपला कचरा उचलायचा, दुसऱ्याचाही उचलायचा. दुकानातून दूध-पाव घ्यायचा. गावातल्या बायकांशी बोलायचं. त्यांची तक्रार बहुतेक वेळा खरी असते. रस्ता अडतो, रात्री आवाज होतो. त्या आपल्या शत्रू नाहीत.

चौथा: नव्यानं येणाऱ्या एकट्या बाईला आपला फोन नंबर द्यायचा, आणि ती काय म्हणून गाडीत राहते हे विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

पाचवा, आणि तो मी आग्रहानं घालून घेतला आहे: आमच्या कोणत्याही पत्रात 'आम्ही त्यांच्यासारखे नाही' हे वाक्य येणार नाही. कोणत्याही रूपात. मसुदा झाला की एक जण फक्त तेवढंच शोधत तो वाचते.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणाकडे कॅम्परव्हॅन नसेल. पण निवेदनं तुम्हीही लिहिता. झोपडपट्टीच्या बाजूनं लिहिताना 'आमच्याकडे पुरावे आहेत, आम्ही नंतर आलेल्यांसारख्या नाही' असं आपल्या हातून लिहिलं जातं का? परित्यक्तेसाठी लिहिताना 'ही चांगल्या चालीची आहे' असं आपण लिहितो का? आणि मग जिची चाल कुणाला चांगली वाटत नाही, तिनं कुठं जायचं? समोरचा अधिकारी असं वाक्य आनंदानं घेतो. कारण त्याचं काम आपणच अर्धं केलेलं असतं.

या वेळी घरी आले तेव्हा आईच्या माळावर गेले होते. कोप्या होत्या. एक बाई चुलीवर पाणी तापवत होती. मी म्हटलं, "बाई, तुमचा मुक्काम किती दिवस?" ती म्हणाली, "मुक्कामाचं काय, ताई. उठवतील तवर." मग तिनं मला बसायला पोतं दिलं.

मी इतकंच मागते. रात्रीपुरती जागा बाईला तिच्या हक्कानं मिळाली पाहिजे, कुणाच्या दुर्लक्षानं नाही. आणि ती मागताना आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातली बाई आपल्या पत्रातून वगळली गेली नाही ना, एवढं तपासून मग सही करा.